वाचक विचारतात : टॅको मसाला घरच्या घरी

मराठवाड्यातल्या वाचकांकडून आलेल्या प्रश्नांमध्ये या वेळी टॅको मसाला बराच आहे. टॅको म्हणजे मक्याच्या छोट्या पोळीत खिमा किंवा दुसरं सारण घालून दुमडलेला मेक्सिकन पदार्थ. मुलं शहरात खाऊन येतात, घरी हट्ट धरतात, दुकानात ३० ग्रॅमच्या पुडीची किंमत पाहून आई मिक्सर काढते, आणि मग अडचणी सुरू होतात. निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं अशी.

प्रश्न : मोबाइलवर पाहून टॅको मसाला केला. कृतीत 'दोन मोठे चमचे चिली पावडर' होती, म्हणून घरचं लाल तिखट तेवढंच घातलं. खिमा कुणालाही खाता आला नाही. आमचं प्रमाण चुकलं की कृतीच चुकीची? — अंबाजोगाई

कृती चुकीची नाही आणि तुम्ही चमचेही बरोबर मोजलेत. फरक डब्यातल्या मालात आहे. अमेरिकेत 'चिली पावडर' म्हणून जी बाटली मिळते, तिच्यात सौम्य मिरचीबरोबर जिरे, लसूण, ओरेगॅनो आणि बऱ्याचदा मीठही असतं. म्हणजे तो तयार मसालाच असतो. विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन स्थलांतरिताने १८९० च्या दशकात टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्स गावी अशी पूड विकायला सुरुवात केली आणि तिथून ती अमेरिकेच्या घराघरांत गेली. आपलं तिखट म्हणजे निव्वळ मिरची, त्यातही मराठवाड्यातली. ती तिच्या जागी घातली तर तिखटपणा कितीतरी पटींनी चढतो आणि जिरे-लसणाचा भाग मात्र कमी पडतो. एकच चूक दोन्ही बाजूंनी नडते.

दुसरी गोष्टही लक्षात असू द्या. पुडीतला हा मसाला मूळचा टेक्सास आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन वळणाच्या स्वयंपाकाचा. खुद्द मेक्सिकोत टॅकोसाठी प्रत्येक मांसाला वेगळं वाटण लावतात आणि जिरे फार जपून वापरतात. तुम्हाला पुडीची चव हवी असेल तर जिरे भरपूर लागतील. खालचं प्रमाण त्याच चवीचं आहे.

१०० ग्रॅम मसाल्यासाठी : ब्याडगी मिरचीची पूड ३५ ग्रॅम, तिखट मिरचीची पूड (गुंटूर किंवा धर्माबादच्या बाजारातली तिखट मिरची) ५ ग्रॅम, भाजलेल्या जिऱ्याची पूड २५ ग्रॅम, धणे पूड ८ ग्रॅम, लसूण पावडर १० ग्रॅम, कांदा पावडर १० ग्रॅम, ओरेगॅनो ४ ग्रॅम, काळी मिरी ३ ग्रॅम. मीठ यात नाही आणि ते मुद्दामच नाही. त्याचं कारण पुढे येईल.

घरात वजनकाटा नसेल तर एका वेळेपुरता मसाला चमच्याने मोजा. चहाचा चमचा, वरून सुरीने सपाट केलेला : ब्याडगी साडेतीन, तिखट मिरची अर्धा, जिरे पूड अडीच, धणे पूड पाऊण, लसूण पावडर पाऊण, कांदा पावडर एक, ओरेगॅनो एक, मिरी पाव. हे साधारण २५ ग्रॅम होतं. अर्ध्या किलो खिम्याला २० ग्रॅम पुरतं, उरलेलं दह्यात कालवायला ठेवा.

ब्याडगी घेताना डब्बी जातीची, बुटकी आणि सुरकुतलेली पाहून घ्या. तिखटपणा कमी, रंग गडद. देठ काढून दोन दिवस कडक उन्हात ठेवा. मिरची बोटांत दाबल्यावर चुरचुरली पाहिजे. निम्मं बी झटकून टाका, कारण बी जास्त राहिलं की पूड फिकट होते आणि मागून कडवट लागते. मिरची भाजू नका. भाजणीचा वास आपल्या मसाल्यांना शोभतो, पण इथे तो जिऱ्याकडूनच यायला हवा.

जिरे मात्र नीट भाजा. जाड बुडाची कढई, मंद आच, चार ते पाच मिनिटं, सतत हलवत. रंग एक छटा गडद झाला आणि वास घरभर गेला की लगेच परातीत ओता. गॅस बंद करून कढईतच ठेवलेले जिरे तापलेल्या बुडावर भाजतच राहतात आणि कडू होतात. घरच्या टॅको मसाल्याला कडवटपणा येतो तो बहुतेक इथूनच. वजन भाजल्यानंतर करा.

सगळं एकत्र करताना मोठ्या भांड्यात एकदम ओतून चमचा फिरवू नका. आधी ओरेगॅनो, मिरी आणि तिखट मिरची हे थोडे थोडे घटक एकत्र करा. त्यात तेवढीच जिरे पूड मिसळा, मग पुन्हा तेवढीच दुसरी पूड, असं वाढवत जा. शेवटी दोनदा चाळा. असं केलं नाही तर एका चमच्यात जाळ लागतो आणि दुसऱ्यात चवच नसते.

प्रश्न : लसूण आणि कांद्याची पावडर विकत मिळते ती महाग आणि वासाला उतरलेली असते. घरी केली तर मिक्सरच्या भांड्याला चिकटून गोळा होतो. — लातूर

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे काम करायचं नाही तर कधी करायचं? एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे कोरडं, कडक ऊन असतं. समुद्राकाठच्या लोकांना हे सुख नाही. कुरडया-पापडांच्या वाळवणाबरोबर एक परात लसणाचीही माळवदावर जाऊ द्या.

लसूण सोलून २ मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. ठेचू नका आणि वाटू तर मुळीच नका. ठेचलेल्या लसणावर वरून साय धरल्यासारखा थर येतो आणि आतला ओलावा अडकतो. कांदा शक्यतो पांढरा घ्या, लाल कांदा वाळताना तपकिरी पडतो. त्याच्याही तेवढ्याच पातळ चकत्या करून पाकळ्या मोकळ्या करा. सुती कापडावर एकावर एक न येतील अशा पसरा, वरून मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा. दिवे लागायच्या आत घरात आणा. रात्री उघड्यावर राहिलेलं वाळवण हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेतं आणि दिवसभराची मेहनत वाया जाते. तीन ते चार दिवस लागतात.

वाळलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. चकती वाकवा. कट्‌कन मोडली तर वाळली, वाकली तर अजून एक दिवस ऊन द्या. तुमचा गोळा होतो तो इथेच. बाहेरून कडक दिसणाऱ्या चकतीच्या मधोमध ओल राहिलेली असते.

दुसरं कारण उष्णता. कांद्यात साखर असते आणि मिक्सर गरम झाला की ती चिकट होते. उन्हातून आणलेल्या चकत्या सावलीत पूर्ण गार होऊ द्या. मिक्सर पाच-सहा सेकंदच फिरवा, थांबा, भांडं हलवा, पुन्हा फिरवा. सोबत चमचाभर धणे टाकले तर पूड मोकळी राहते, आणि धणे या मसाल्यात जातातच. चाळून जाड राहिलेलं पुन्हा फिरवा.

ओव्हन असेल तर ६० डिग्री सेल्सियसवर, दार बोटभर उघडं ठेवून सहा ते आठ तास. ७० च्या वर गेलात तर लसूण तांबूस होतो आणि त्याला जळका वास येतो. मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नका, तो ठिकठिकाणी जाळतो आणि बाकीचं ओलं ठेवतो.

किती निघेल याचा अंदाज आधीच घ्या. सोललेल्या एक किलो कांद्याचे वाळून ११० ते १३० ग्रॅम राहतात, सोललेल्या एक किलो लसणाचे ३५० ग्रॅमच्या आसपास.

घाई असेल म्हणून ताज्या लसणाची पेस्ट मसाल्यात मिसळून बरणी भरू नका. असा मसाला दोन दिवसांत आंबतो. ताजा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणं तर धोक्याचंच आहे. तेलाखाली हवा लागत नाही आणि अशा जागी बोट्युलिझमचे जंतू विष तयार करू शकतात. त्याचा वास येत नाही, रंगही बदलत नाही. ताजा लसूण घालायचा तर तो फोडणीत, त्याच वेळी.

प्रश्न : आमच्याकडे काळा मसाला आणि येसर दोन्ही वर्षाचं केलेलं असतं. तेच वापरलं तर? — परभणी

काळा मसाला नको. त्यात दगडफूल, लवंग, दालचिनी आणि भाजलेलं खोबरं असतं. यातलं एकही टॅको मसाल्यात नाही आणि दगडफुलाचा वास एकदा आला की दुसरं काही कळत नाही. खिमा उत्तम होईल, पण तो आपला खिमा होईल.

येसराचा विचार मात्र अगदी योग्य दिशेने चालला आहे. पुडीतल्या मसाल्यात कॉर्नफ्लोअर असतं. ते पाणी धरून ठेवतं आणि खिम्याला दाटपणा येतो, म्हणून रस टॅकोतून मनगटावर गळत नाही. आपल्याकडे आमटीत येसरातलं भाजलेलं धान्य हेच काम करतं. येसरात त्याचे मसाले असतात म्हणून ते तसंच घालू नका. ज्वारीचं पीठ कोरडं, खमंग भाजून घ्या आणि अर्ध्या किलो खिम्याला चहाचा एक चमचा पीठ दोन चमचे गार पाण्यात कालवून घाला. कॉर्नफ्लोअरने येते तशी चमक येणार नाही. चव मात्र जास्त भरीव लागते आणि मला तीच अधिक आवडते.

प्रश्न : ओरेगॅनो म्हणून पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या साठवल्या आहेत. त्या चालतील का? ओरेगॅनोऐवजी ओवा घालावा असंही ऐकलं. — नांदेड

पुडीवरची घटकांची यादी वाचा. 'ओरेगॅनो सीझनिंग' लिहिलं असेल तर त्यात मीठ, लसूण, मिरची वगैरे मिसळलेलं असतं, निव्वळ पानं थोडीच. प्रमाण बिघडेल. नुसती वाळलेली पानं असतील तर चालतील.

खरं तर मेक्सिकोत वापरतात तो ओरेगॅनो वेगळ्याच झाडाचा, घाणेरीच्या नात्यातला. पिझ्झावरचा ओरेगॅनो भूमध्य समुद्राकडचा, तुळस-पुदिन्याच्या कुळातला. मेक्सिकोचा जरा उग्र असतो आणि त्याला लिंबाच्या सालीसारखी झाक असते. तो आपल्या बाजारात सहसा मिळत नाही आणि त्याच्यावाचून काही अडत नाही.

ओव्याचं तुम्ही ऐकलं ते खोटं नाही. ओव्यात थायमॉल हे वासाचं द्रव्य भरपूर असतं आणि ओरेगॅनोच्या वासातही थायमॉल व त्याच्या जवळचं कार्व्हाक्रॉल असतं. पण ओवा फार जोरकस. ४ ग्रॅम ओरेगॅनोच्या जागी १ ग्रॅमहून जास्त घातलात तर सगळ्याला ओव्याच्या पुरीचा वास येईल. हलका भाजून, चुरडून घाला.

अंगणातल्या कुंडीत पानओवा असेल, तोच जाड, लवदार पानांचा, भजी करतो तो, तर तो ओव्यापेक्षाही जवळचा पर्याय आहे. पण पानं रसाळ असतात, घरी वाळवायला गेलं तर काळी पडतात. मसाल्यात न घालता खिमा उतरवायच्या दोन मिनिटं आधी दोन-तीन पानं अगदी बारीक चिरून टाका.

ओरेगॅनो कुठलाही असो, मिक्सरमधून काढू नका. तळहातावर चोळून घाला. फार बारीक झाला की कडवट उतरतो.

प्रश्न : मे महिन्यात केलेला मसाला ऑगस्टमध्ये दगड झाला. रंगही विटकरी पडला. फेकून द्यावा का? — जालना

आधी वास घ्या आणि गुठळी फोडून पाहा. आत पांढुरके-हिरवट ठिपके, जाळ्यासारखे धागे किंवा कुबट वास असेल तर सगळा मसाला फेकून द्या. बुरशी लागलेल्या मिरचीत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते भाजून, तळून जात नाही. वरचा थर काढून खालचं वापरण्याचा विचारही नको.

नुसतीच गुठळी असेल तर मसाला चांगला आहे. कांदा आणि लसूण पावडर हवेतला ओलावा भराभर ओढतात, आणि मसाल्यात मीठ असेल तर ते त्यात भर घालतं. मीठ वेगळं ठेवायला सांगितलं ते यासाठी. शिवाय मीठ मिसळलेलं असलं की तिखट वाढवायला गेलात तरी खारटपणा वाढतो. गुठळ्या फोडून मसाला परातीत पसरा, ओव्हनमध्ये ५० ते ६० डिग्रीवर अर्धा तास ठेवा किंवा चांगलं ऊन पडेल त्या दिवशी पातळ कापडाखाली दोन तास. पूर्ण गार झाल्यावरच भरा. कोमट मसाला बरणीत गेला की झाकणाला आतून घाम येतो आणि पुन्हा तेच.

पण गुठळी होण्याचं सगळ्यात मोठं कारण पावसाळा नसून आपला हात असतो. वाफाळत्या कढईवर बरणी तिरकी करून मसाला झटकायची सवय मोडा. प्रत्येक वेळी थोडी वाफ आत जाते. वाटीत काढून घ्या, बरणी बंद करा, मग गॅसकडे या.

रंगाचं कारण उजेड. मिरचीचा लाल रंग उजेडाने आणि हवेने हळूहळू उडतो. खिडकीजवळची काचेची बरणी दिसायला छान, पण मसाल्यासाठी वाईट. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा फडताळात ठेवा. चव म्हणाल तर तीन महिने भरात असते, सहा महिन्यांनी उरतो तो नुसता तिखटपणा. म्हणून वर्षाचं तिखट करतो तसा हा वर्षाचा करू नका. मिरची, जिरे, वाळलेल्या चकत्या अख्ख्या वेगवेगळ्या ठेवा आणि लागेल तसा १०० ग्रॅम करा.

रंग मुळातच कमी वाटत असेल आणि तिखट विकतचं असेल, तर ग्लासभर पाण्यावर चिमूटभर भुरभुरा, ढवळू नका. रंगाच्या लाल रेघा लगेच खाली उतरू लागल्या तर वरून रंग घातलेला आहे. बुडाशी खरखरीत गाळ बसला तर विटेची भुकटी असल्याचा संशय घ्या.

प्रश्न : मसाला जमला, पण शिजवल्यावर कच्चा लागतो आणि खिम्याला पाणी सुटतं. शाकाहारी सारणासाठी प्रमाण किती? — धाराशिव

दोन्ही तक्रारींचं मूळ एक. मसाला पाण्यात पडतोय, तेलात नाही. मिरचीचा रंग आणि जिऱ्याचा वास तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही.

अर्धा किलो मटण खिमा मोठ्या, पसरट कढईत मोठ्या आचेवर घ्या. तेल चमचाभर पुरे, खिम्याची चरबी सुटते. कालथ्याने फोडत राहा. आधी रंग जाईल, मग पाणी सुटेल, मग ते आटेल आणि आवाज बदलेल. रटरट थांबून चरचर सुरू झाली की समजा पाणी गेलं, आता तेल उरलं. त्या क्षणी आच मंद करून २० ग्रॅम मसाला, म्हणजे चहाचे सपाट आठ चमचे, आणि एक चमचा मीठ घाला. अर्धा ते पाऊण मिनिट परता. जास्त नाही, लसूण पावडर लगेच जळते. तेल लाल झालं की १५० मि.ली. गरम पाणी घाला, झाकण ठेवून मंद आचेवर शिजू द्या. कोवळ्या मटणाला २० मिनिटं लागतात, जून असेल तर पाणी वाढवून तासभरसुद्धा. शेवटी पिठाची किंवा कॉर्नफ्लोअरची पेस्ट घालून दोन मिनिटं उकळी द्या. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा.

चिकन खिम्यात फारशी चरबी नसते, म्हणून तेल दोन मोठे चमचे घ्या आणि वेळ दहा मिनिटांवर आणा.

सोयाबीन तुमच्या भागात घरोघरी पिकतं, त्यामुळे सोया दाण्यांचं (दुकानात मिळणारे सोया ग्रॅन्यूल्स, शेतातलं कच्चं सोयाबीन नव्हे) सारण सांगायलाच हवं. १०० ग्रॅम कोरडे दाणे उकळत्या पाण्यात दहा मिनिटं भिजवा, पिळा, गार पाण्यात धुऊन पुन्हा घट्ट पिळा. दुसऱ्यांदा पिळणं टाळलंत तर सोयाचा तो विशिष्ट वास शेवटपर्यंत राहतो. साधारण ३०० ग्रॅम होतात. तीन मोठे चमचे तेलात कांदा तांबूस करून त्यात १२ ग्रॅम मसाला परता, मग दाणे, मग अर्धी वाटी पाणी आणि एक किसलेला टोमॅटो. सोया चव शोषतो पण स्वतःची देत नाही, म्हणून आंबटपणा इथे अवश्य हवा.

राजमा २०० ग्रॅम, आठ-दहा तास भिजवलेला. भिजवलेलं पाणी फेका. कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या आणि मग मंद आचेवर १५ मिनिटं. अर्धाकच्चा राजमा खाऊ नये, त्यातल्या नैसर्गिक विषाने उलट्या-जुलाब होतात आणि ते जायला खळखळ उकळीच लागते. निम्मा राजमा ठेचा, निम्मा अख्खा ठेवा, मसाला १८ ग्रॅम.

प्रश्न : मका आमच्या शेतातलाच. पण पिठाची पोळी लाटताना तुटते. टॅकोची पोळी कशी होत असेल? — सिल्लोड

चक्कीवर दळलेलं मक्याचं पीठ आणि मेक्सिकोतलं पीठ यांच्यात चुन्याचा फरक आहे. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजवतात, साल चोळून धुतात आणि ओलाच वाटतात. चुन्याने सालीचा डिंक सुटतो, म्हणून पीठ चिकट होतं. आपलं पीठ कितीही मळलं तरी तसं होणार नाही.

करून पाहायचं असेल तर अर्धा किलो वाळलेला मका, दीड लिटर पाणी, खाण्याचा चुना चहाचा एक चमचा, सुगंधी नको. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमला चुना खातो. ४० मिनिटं मंद उकळा, झाकून रात्रभर ठेवा. सकाळी पाच-सहा पाण्यांनी, साल सुटेपर्यंत धुवा. पाट्यावर किंवा दगडी ग्राइंडरमध्ये वाटा. मिक्सरला पाणी जास्त लागतं आणि पीठ सैल होतं.

रोजच्यासाठी सोपं : १५० ग्रॅम मक्याच्या पिठावर उकळतं पाणी ओतून पंधरा मिनिटं झाका, मग १०० ग्रॅम कणीक घालून मळा. किंवा सरळ ज्वारीची भाकरी करा, पीठ उकडून, तळहाताएवढी आणि नेहमीपेक्षा पातळ. भाजल्याबरोबर कापडात गुंडाळा. गार भाकरी दुमडताना चिरते, गरम दुमडते. कडक हवी असेल तर तेलाचा हात फिरवून ओव्हनच्या जाळीच्या दोन दांड्यांवर लोंबती ठेवा, १८० डिग्रीवर दहा ते बारा मिनिटं.

प्रश्न : चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही. मग हा मसाला विसरायचा का? — बीड

विसरू नका. कांदा-लसूण काढून ८० ग्रॅम उरतात. त्यात चहाचा पाव चमचा हिंग, ६ ग्रॅम आमचूर आणि चमचाभर साखर घाला. कांदा पावडरीचा गोडवा जातो तो साखरेने भरून निघतो. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, घरात कुणाला गहू वर्ज्य असेल तर डबी वाचून घ्या.

प्रश्न : आमचा बचत गट मिरची आणि हळदीची पावडर विकतो. टॅको मसाला विकायचा आहे. काय काळजी घ्यावी? — हिंगोली

२ किलोचा घाणा धरा : ब्याडगी ७००, तिखट मिरची १००, जिरे ५००, धणे १६०, लसूण २००, कांदा २००, ओरेगॅनो ८०, मिरी ६० ग्रॅम. ५० ग्रॅमची चाळीस पाकिटं होतात. यासाठी सोललेला लसूण सुमारे ६०० ग्रॅम आणि सोललेला कांदा पावणेदोन किलो लागेल.

मिरची कांडपावर नेलीत तर आधीच्या गिऱ्हाइकाच्या काळ्या मसाल्याचा वास लागतो. पहिली दोन मूठ पूड बाजूला काढा, ती घरच्या तिखटात वापरा. लसूण आणि कांदा कांडपावर नेऊच नका.

साधी प्लास्टिकची पिशवी ओलावा पुरेसा अडवत नाही. आतून ॲल्युमिनियमचा थर असलेलं पाकीट घ्या आणि उष्णतेने सील करा. एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवीच. पाकिटावर तो नंबर, घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरावा ती तारीख, गटाचा पत्ता आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह. 'मीठ घातलेलं नाही, चवीप्रमाणे घाला' हे ठळक छापा. नाही तर पहिलीच ताई अळणी खिमा करेल आणि दुसऱ्यांदा पाकीट घेणार नाही. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट स्वतःजवळ ठेवून दर महिन्याला उघडून पाहा, म्हणजे वापराची मुदत अंदाजाने लिहावी लागणार नाही.

प्रश्न : हुरड्यावर हा मसाला कसा लागेल? — गंगापूर

फार छान लागतो, पण कोरडा भुरभुरू नका. कच्च्या मिरचीचा आणि धण्याचा मातकटपणा कोवळ्या दाण्यावर लगेच कळतो. एक चमचा तूप कोमट करा, गॅस बंद करा, त्यात एक चमचा मसाला आणि अर्धा चमचा मीठ घालून वीस सेकंद हलवा, आणि आगटीतून नुकत्याच काढलेल्या, चोळून पाखडलेल्या पाव किलो हुरड्यावर ओता. लिंबू शेवटी आणि बेताचं, दाण्याचा गोडवा झाकला जाता कामा नये.